लिटरेचर रिव्ह्यूची नुसती हजेरी झालीय, आता पेपरांचं कोडिंग करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

गूळभेली

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातच पीएचडी करायलोय (मुलगीच आहे, आमच्याकडं बायका असंच बोलतात, त्यावरून कुणी चालू होऊ नका). विषय पूर आणि बायका, म्हणजे करवीर आणि शिरोळच्या नदीकाठच्या गावांत पाणी चढायला लागलं की घर कधी सोडायचं, कुठं जायचं हे कोण ठरवतं आणि त्यात घरातल्या बाईचं किती चालतं.

दुसरं प्रकरण, म्हणजे लिटरेचर रिव्ह्यू (आधी झालेल्या अभ्यासांचा आढावा), लिहून झालं होतं, ५८ पानं, ४१ पेपर आणि प्रबंध धरून. अमक्यांनी असं सांगितलं, तमक्यांच्या मते तसं, प्रत्येकाला एक परिच्छेद. सरांनी परत दिलं आणि पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलं, ‘ही हजेरी आहे, आढावा नाही.’ राग आला पण वाचून बघितलं तर खरंच हजेरी होती, प्रत्येकजण उठून ‘उपस्थित’ म्हणून खाली बसायलाय.

मग मागं एका वर्कशॉपमध्ये ऐकलेलं आठवलं की मुलाखतींचं कोडिंग करतो (वाक्यावाक्याला त्यात काय म्हटलंय त्याचं छोटं नाव द्यायचं, तो कोड) तसं छापून आलेल्या पेपरांचं पण करता येतं, थीमॅटिक सिंथेसिस म्हणतात त्याला. बसलो, पहिला पेपर उघडला आणि पहिल्याच पानावर अडकलो. कोड नक्की कशाला द्यायचा, सगळ्या पेपरला? त्यात जी बाई बोललीय तिच्या वाक्याला का लिहिणाऱ्यानं त्यावर जे म्हटलंय त्याला? ४१ पैकी ११ तर निव्वळ आकडेवाले सर्व्हे आहेत त्यांचं काय करू? आणि ते महागातलं सॉफ्टवेअर घ्यायलाच लागतंय काय, एकजण म्हणाला त्याशिवाय व्हायवात (तोंडी परीक्षेत) टिकत नाही. प्रोग्रेस रिपोर्ट पुढच्या महिन्यात आहे म्हणून रात्री साडेबाराला हे लिहायलोय.

अक्का_मिरजवाली

अगं आधी झोप. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, माझाही हाच चॅप्टर तीनदा परत आलेला त्यामुळं हजेरीचं दुःख मला सांगू नकोस.

तू वर्कशॉपात ऐकलंस ते थॉमस आणि हार्डन या दोघांचं काम, लंडनचे, २००८ सालचा पेपर आहे आणि कुणालाही फुकट वाचता येतो, तो आधी वाच. त्यांनी मुलांच्या खाण्यावरचे ८ अभ्यास घेतले होते, मुलांचं म्हणणं काय ते विचारणारे, आणि पद्धत तीन टप्प्यांत मांडली. आधी निष्कर्षांच्या मजकुराला ओळीओळीनं कोड. मग सारखे कोड जवळ आणून वर्णनात्मक थीम. इथपर्यंत आपण पेपरांचं बोट धरूनच चालतो. तिसऱ्या टप्प्यात आपला मूळ प्रश्न घेऊन त्या थीमांकडं परत जायचं आणि पेपर जिथं थांबले त्याच्या पुढचं बोलायचं, त्याला ते विश्लेषणात्मक थीम म्हणतात. आता त्यांच्या उदाहरणातलीच गंमत बघ, मुलांचं म्हणणं असं की तब्येतीची काळजी करणं हे काय आमचं काम नव्हे. यावरून या दोघांनी काढलं काय, तर फळं-भाज्या ‘पौष्टिक’ म्हणून मुलांच्या माथी मारू नका, ‘चविष्ट’ म्हणून समोर ठेवा. मुलं काय म्हणाली ते वेगळं आणि त्यावरून काय करावं हे वेगळं, ती उडी तुलाच मारायला लागते, कोड मारून देत नाहीत.

आता कुठल्या ओळीला कोड द्यायचा. निष्कर्ष म्हणून जे जे लिहिलंय ते सगळं घे, बाईचं अवतरण पण आणि लेखकाचं म्हणणं पण, फक्त दोन्ही एकाच रंगात रंगवू नकोस. मी समासात बाईच्या बोलण्याला ‘बा’ आणि लेखकाच्या बोलण्याला ‘ले’ लिहायची. तिसरं ‘मी’. हे तीन थर वेगळे राहिले नाहीत तर सहा महिन्यांनी तुलाच कळणार नाही की ‘बायकांना निर्णयात स्थान नसते’ हे कुठल्या बाईनं सांगितलं, का लेखकानं आधीच ठरवून ठेवलेलं, का तू झोपेत लिहिलंस. प्रस्तावना आणि पद्धतीच्या भागाला कोड नको पण तक्त्यात नोंद हवी: कुठलं गाव, कोणाशी बोलले, घरात बोलले का निवाऱ्याच्या शाळेत, बोलताना नवरा शेजारी बसलेला का. हे शेवटचं बहुतेकजण लिहितच नाहीत, लिहिलं नसेल तर ‘लिहिलं नाही’ अशी नोंद कर, ती पण माहितीच आहे.

आणि तुझ्या विषयात एक रकाना हवाच, पूर कुठल्या वर्षाचा. पेपर २०२१ ला छापलेला असेल पण आतल्या बायका २००५ चं सांगत असतील. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर एका पोत्यात भरलेस तर थीम सुंदर येतील आणि सगळ्या चुकीच्या असतील.

११ सर्व्हे बाजूला ठेव, टाकून देऊ नकोस. ‘इतके टक्के बायका म्हणाल्या’ याला कोड देत बसू नकोस, त्यांचा वेगळा तक्ता कर आणि थीम तयार झाल्यावर आकडे तिच्या बाजूनं आहेत का विरोधात ते तपास. उरलेल्या ३० मध्ये पण ज्यात बायकांचं बोलणं खरंच भरपूर आहे असे पाच-सहा आधी घे.

तांबडा_पांढरा

सॉफ्टवेअरचं मी सांगतो बाकी मला काय कळत नाही. विकत काही घेऊ नका ताई. टॅगेट आणि क्वालकोडर दोन्ही फुकट आहेत आणि ३० पेपरांना पुरून उरतात, पेपर ठेवायला झोटेरो, तेही फुकट. एनव्हिवो, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर, विद्यापीठाकडनं मिळत असेल तर वापरा पण व्हायवात ‘कशात केलं’ यावर मार्क नसतात, ‘या कोडमधनं ही थीम कशी आली दाखवा’ म्हटल्यावर दाखवता आलं पाहिजे, ते एक्सेलमध्ये पण दाखवता येतंय. माझ्या बायकोनं तर भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवून केलं, पंख्याच्या वाऱ्यानं अर्धा चॅप्टर सोफ्याखाली गेलता.

खरी अडचण तुम्हाला दुसरीच येणार आहे. शोधगंगेवरचे (भारतातले पीएचडी प्रबंध ठेवलेली वेबसाइट) जुने मराठी प्रबंध उतरवून घेतले असतील तर त्यातलं एक वाक्य कॉपी करून बघा. श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टात टाइप केलेले असले तर पेस्ट केल्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा येतोय, आणि पानांचे फोटोच असले तर कॉपीच होत नाही. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ‘गोठा’ शोधलं की मराठीतलं एकही पान सापडणार नाही आणि तुम्हाला वाटणार मराठीत यावर कुणी लिहिलंच नाही! अशा प्रबंधातली कामाची वाक्यं हातानं युनिकोडमध्ये टाइप करा, पान क्रमांकासकट, आणि तीच फाइल कोडिंगला लावा. कंटाळवाणं आहे पण टाइप करताना जेवढं वाचून होतं तेवढं नुसतं वाचून होत नाही.

खिद्रापूरचा_खांब

अक्कांचं बरोबर आहे पण मला जरा उलटं बोलायचंय. मी इतिहासाचा माणूस, मला हे ओळीओळीनं कोडिंग म्हणजे ऊस सोलून प्रत्येक पेराला नंबर टाकल्यासारखं वाटतं, रस कधी काढणार? एक विद्यार्थी माझ्याकडं ४६० कोड घेऊन आलेला आणि त्याला त्याच्या पेपरांविषयी एक वाक्य धड सांगता येईना.

याच्या वीस वर्षं आधीची एक पद्धत आहे, मेटा-एथ्नोग्राफी, नॉब्लिट आणि हेअर, १९८८. ते शिक्षणक्षेत्रातले, अमेरिकेत शाळांमध्ये काळी-गोरी मुलं एकत्र आणल्यावर काय घडलं यावरचे अभ्यास जुळवताना आलेल्या अडचणींतून त्यांचा विचार सुरू झाला. त्यांचं म्हणणं, एका अभ्यासातली कल्पना दुसऱ्याच्या भाषेत ‘अनुवाद’ करून बघा. एकाला जे ‘राखण’ वाटलं ते दुसऱ्याच्या लेखात ‘हट्ट’ म्हणून आलंय का? जुळलं तर जुळलं, नाही जुळलं तर का नाही हे लिहा, आणि सगळ्यांना मिळून एक युक्तिवाद उभा राहत असेल तर तो मांडा. मला यातला मधला भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. भांडण. आपल्याकडच्या प्रकरण दोनमध्ये कुणी कुणाशी भांडतच नाही, सगळे एका पंगतीत जेवायला बसल्यासारखे, ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘याखेरीज’. दोन पेपर एकमेकांच्या विरोधात गेले की विद्यार्थी घाबरून त्यातला एक गाळतो. अहो तिथंच तर तुमचा प्रबंध सुरू होतो!

भाषेचंही बघा. इंग्रजी पेपरमध्ये जे ‘हाऊसहोल्ड’ म्हणून आलंय ते ती बाई मुळात काय म्हणाली असेल, घर? घरदार? संसार? संसार म्हणाली असेल तर त्यात भांडी, शेरडं, चुलीवरचं छप्पर आणि नवरा सगळं आलं. तुमच्याकडं मराठी प्रबंध आहेत म्हणजे तो मूळ शब्द आहे. कोड इंग्रजीत देऊ नका, त्यांच्याच शब्दांत द्या.

एक_नंबर_भावा

एवढं कशाला करायलायसा, ४१ पीडीएफ एआयला द्या आणि थीम काढ म्हणा, दहा मिनिटांत चॅप्टर. नाद खुळा.

अक्का_मिरजवाली

भावा, करून बघितलंय. पाच थीम आल्या, दिसायला झकास, आणि तिसऱ्या थीमला आधार म्हणून जे अवतरण दिलं ते त्या पेपरात कुठंच नव्हतं. अर्धा दिवस शोधलं मी ते, वाटलं माझेच डोळे गेले. एखादा इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला विचारावं, मीही विचारते. पण जिथं सगळ्यांचं जुळतंय असं ते सांगतं तिथं बऱ्याचदा न जुळणारं गुळगुळीत करून टाकलेलं असतं, आणि आत्ताच खांबांनी सांगितलं की माल तिथंच आहे. आणि तिला परीक्षकांसमोर बसायचंय, त्यांना तू उत्तर देणार आहेस काय?

खांबसर, ४६० कोडवाल्याचं पटलं. पण नवीन माणसाला ‘भांडण शोधा’ सांगितलं तर त्याला ते दिसत नाही हो, निदान पाच-सहा पेपरांचं बारीक कोडिंग केल्याशिवाय नाही दिसत. मला तरी दिसलं नव्हतं.

गूळभेली

नऊ दिवसांनी आलोय. सगळ्यांना थँक्यू, खरंच. विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून ६ पेपर झाले, त्यातले २ मराठी प्रबंध, आणि हो दादा, कचराच आला पेस्ट केल्यावर, टाइप करून बोटं गेली. ७४ कोड झालेत. थीम अशा आल्यात: आर्थिक अडचणी, सामाजिक अडचणी, मानसिक ताण, शासकीय मदत. सरांना दाखवायच्या आधी इथं टाकायलोय. मला त्या बरोबर वाटतायत पण पाणचट पण वाटतायत, काय चुकलंय कळंना.

खिद्रापूरचा_खांब

पाणचट आहेत कारण या थीम पेपर न वाचताही काढता आल्या असत्या. पूर काढून तिथं दुष्काळ घाला, बायका काढून हमाल घाला, तशाच बसतील.

अक्का_मिरजवाली

सर जरा हळू, पोर नऊ दिवस राबलीय. पण मुद्दा तोच आहे गं. ह्या मांडणीवरच्या फळ्या झाल्या, डबे ठेवायच्या. थीम म्हणजे एक पूर्ण वाक्य व्हायला पाहिजे, ज्याला समोरचा ‘खोटं आहे’ म्हणू शकेल. ‘आर्थिक अडचणी’ला कोण खोटं म्हणणार?

तुझे ७४ कोड टाक इथं, नाहीतर निदान घर सोडण्याबद्दलचे टाक.

गूळभेली

घर सोडण्याबद्दलचे हे: म्हशीला कुठं नेऊ / वैरण भिजली / गोठा आधी / मागच्या वेळी इथवर आलं नव्हतं / सासरे म्हणतील तेव्हा / माहेरी जायची लाज / शाळेत आडोसा नाही / पाळी / पोरांना घेऊन आधीच निघाले / राखणीला एकजण पाहिजे / स्पीकरवरनं सांगितलं तरी.

यातले ‘गोठा आधी’ आणि ‘म्हशीला कुठं नेऊ’ मी आर्थिकमध्ये टाकलेत, ‘लाज’ सामाजिकमध्ये, ‘पाळी’ला कुठं टाकायचं कळंना म्हणून मानसिकमध्ये.

अक्का_मिरजवाली

पाळी मानसिकमध्ये!! आई गं. तुझे कोड लय भारी आहेत आणि तू त्यांना त्या चार फळ्यांवर कोंबून मारलंस. फळ्या काढून टाक.

आता हे वाच परत. आपल्याकडं पाणी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, सगळं प्रशासन त्या आकड्यावर हलतं आणि टीव्हीवाले पण. तुझ्या कोडांत फूट कुठं आहे? एकदा पण नाही. त्यात आहे गोठा, वैरण, मागच्या वेळची खूण, सासऱ्यांचा शब्द. म्हणून एक कच्चं वाक्य करून बघ: ‘घर सुटतं ते पाण्याच्या पातळीवर नाही, जनावरांची सोय कधी झाली त्यावर.’ हे मी म्हणत नाही की खरंच आहे, ६ पेपरांवरनं कोण म्हणणार. पण हे वाक्य घेऊन तू सातव्या पेपराकडं गेलीस की तुला काय शोधायचंय ते कळतंय आणि तो पेपर त्याला खोटं पण पाडू शकतो. आणि ‘शाळेत आडोसा नाही’ आणि ‘पाळी’ एकाच जागी आहेत, दुसरं वाक्य तिथं आहे: घर सोडायला उशीर होतो तो घराच्या ओढीनं का पुढं जिथं जायचं त्या जागेच्या धास्तीनं? बघ बरं.

खिद्रापूरचा_खांब

आणि ‘पोरांना घेऊन आधीच निघाले’ हा कोड बघा. तो बाकी सगळ्यांच्या विरोधात आहे. कुठल्या पेपरमधला?

गूळभेली

एकाच प्रबंधातला आहे सर, तीन बायका आहेत तसं म्हणणाऱ्या. मी तो गाळणार होतो खरं सांगायचं तर.

खिद्रापूरचा_खांब

गाळलात तर सरांची लाल शाई तुम्हाला सोडणार नाही.

त्या तिघींच्या घरी जनावरं होती का बघा. सासरे होते का बघा, पुरुष कामाला बाहेरगावी होते का बघा. तिघींकडं जनावरं नव्हती असं निघालं तर अक्कांचं वाक्य उलट पक्कं होतं, आणि जनावरं असूनही त्या निघाल्या असतील तर ते वाक्य मोडतं आणि दुसरं करायला लागतं. दोन्हीकडून तुमचा फायदाच आहे. प्रबंधात ही माहितीच दिलेली नसेल तर तेही लिहा, ‘विरोध दिसतो पण तो कशामुळं हे या अभ्यासातून ठरवता येत नाही’, आणि तीच पोकळी तुमच्या फील्डवर्कचं कारण होते. रिसर्च गॅप रिसर्च गॅप म्हणून सगळे शोधत फिरतात ती अशी सापडते.

तांबडा_पांढरा

मी गप्प बसणार होतो पण एक राहिलं. ३० पेपर म्हणताय त्यात एकाच माणसाचा प्रबंध आणि त्याच प्रबंधातनं काढलेले दोन-तीन पेपर असं आहे का बघा. बायकोच्या यादीत असं निघालं, एकच मुलाखत चार ठिकाणी छापलेली आणि हिनं ‘चार अभ्यासांत हेच आढळते’ लिहिलेलं. त्या चारांना एकच धरा. आणि तुमचं हजेरीवालं प्रकरण सिमिलॅरिटी तपासणीत (मजकूर दुसरीकडचाच आहे का ते बघतात त्यात) पण मार खाणार होतं, यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत माफ आहे आणि अमके म्हणतात तमके म्हणतात करत गेलं की तेवढं सहज होतं.

गूळभेली

दादा, बघितलं. ५ जण असे निघाले, ३० चे २३ झाले. रडू येतंय आणि बरं पण वाटतंय.

अजून दोन प्रश्न. एक, काही पेपर अगदीच कच्चे आहेत, चार बायकांशी बोलून लांबलचक निष्कर्ष काढलेत, ते काढून टाकू का? दोन, शीर्षकात ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ लिहू का, भारी दिसतंय.

अक्का_मिरजवाली

दुसऱ्याचं आधी: नको! ते नाव लिहिलंस की परीक्षक विचारणार कुठल्या डेटाबेसमध्ये कुठले शब्द टाकून शोधलं, किती सापडले, कितींना कशासाठी गाळलं, दोघांनी स्वतंत्रपणे तपासलं का. त्यात काय काय लिहायचं याची प्रिझ्मा २०२० नावाची २७ मुद्द्यांची यादी आहे, गुणात्मक (आकड्यांऐवजी बोलण्यावर चालणाऱ्या) सिंथेसिसला एन्ट्रेक म्हणून वेगळी २१ मुद्द्यांची आहे. तू पेपर गोळा केलेस ते सरांनी सांगितलेले, शोधगंगेवर दिसलेले आणि एकाच्या संदर्भसूचीतनं दुसरा असे, त्यात लाज नाही, तसंच लिही. ‘उपलब्ध साहित्याचे थीमॅटिक सिंथेसिसच्या पद्धतीने केलेले वाचन’ एवढं बास. एन्ट्रेकची यादी मात्र शेजारी ठेव, काय काय सांगायचं राहिलं ते कळतं.

कच्च्या पेपरांचं. कास्प नावाची १० प्रश्नांची यादी आहे गुणात्मक अभ्यास तपासायला, ते प्रत्येकाला लाव पण मार्कांची बेरीज करून नापास करू नकोस. सगळ्या थीम झाल्या की कच्चे पेपर हातानं झाकून बघ, कुठली थीम अजून उभी राहते आणि कुठली बसते. जी बसते तिच्याबद्दल जपून लिही. चार बायकांचा पेपर निष्कर्षात फसला असेल, पण त्यातली एखादी बाई असं काहीतरी बोलून गेलेली असते जे शंभरच्या सर्व्हेत सापडत नाही, म्हणून ‘बा’ ठेव, ‘ले’ सोड.

गूळभेली

अपडेट. त्या तिघींपैकी दोघींकडं जनावरं नव्हती. तिसरीकडं दोन म्हशी होत्या आणि ती तरी पण निघाली, कारण म्हशी आधीच भावाकडं पाठवलेल्या. म्हणजे वाक्य मोडलं का टिकलं तेच कळंना, पण ‘भाऊ’ म्हणून नवीन कोड आला आणि तो माहेरच्या लाजेच्या अगदी विरुद्ध जातोय, म्हणजे म्हशींना माहेर चालतंय, बाईला चालत नाही.

नवीन पानं १४ झालीत, सरांना दिली काल. लाल शाई आहेच. पण या वेळी समासात तीन ठिकाणी लिहिलंय, ‘म्हणजे काय?’ आणि म्हशींच्या ओळीपुढं नुसतं ‘बरं, मग?’

तांबडा_पांढरा

फाइलचा बॅकअप घेतलाय न्हवं?